काझी साहेबांची खडूची खूण

काझी साहेबांच्या इरफानचा फोन आला तेव्हा मी दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवी होते. तोंड उघडं, आत कापूस कोंबलेला, आणि पर्समधला फोन थांबायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "घ्या बाई एकदाचा." मी घेतला. पलीकडून इरफान म्हणाला, "मावशी, अब्बा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, अन् बसल्या जागीच..." मला कापसामुळे काही बोलताही येईना. अशी बातमी आली की माणसं डोळे मिटतात, देवाचं नाव घेतात. मी छताकडे पाहिलं. दवाखान्याच्या छताला पंख्याच्या कड्यापासून भिंतीपर्यंत एक बारीक तडा गेलेला होता आणि तो नुसता प्लास्टरचा आहे की आतपर्यंत गेलाय, हे मी निजल्या निजल्या बघत राहिले. ही सवय काझी साहेबांची. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की आधी वर बघायचं, मग माणसांकडे. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, कुणाच्या घरी चहाला... लोकांना वाटायचं, हा माणूस भारी गर्विष्ठ आहे, नजर खाली म्हणून घेत नाही.

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. विजेला भिते, पालीला भिते, लिफ्टमध्ये तर अजून एकटी चढत नाही. आमच्या ह्यांच्या मते मी स्वतःच्या सावलीलासुद्धा दचकते. काझी साहेब मात्र मला एकदाही "घाबरू नका ताई" असं म्हणाले नाहीत. उलट म्हणायचे, "घाबरा की. पण घाबरून डोळे मिटू नका, घाबरून नीट बघा." इतकी वर्षं आमचं जमलं ते ह्याच्यामुळेच. माझी भीती अडाणी होती, त्यांची शिकलेली होती, एवढाच काय तो फरक.

खाण आणि धातू ह्या धंद्यातल्या लोकांची एक मोठी संस्था आहे. मुख्य कार्यालय लांब तिकडं पूर्वेला. तिची एक शाखा लातुरात होती आणि मी त्या शाखेची एकुलती एक पगारी नोकर. कारकून म्हणा, ग्रंथपाल म्हणा, चहा सांगणारी म्हणा. लोक हसायचे. लातुरात खाण कुठली? खडी फोडायच्या दगडाच्या खाणी सोडल्या तर आमच्याकडं जमिनीतून निघतं काय, भुईमूग! पण पितळ ओतणारे कारखानदार होते, अडकित्ते आणि कुलपं करणारे होते, तंत्रनिकेतनातले मास्तर होते, आणि उदगीर-मुखेडकडची बरीच पोरं चंद्रपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणीत कामाला गेलेली होती. ज्यांना कॉलेजात जाणं जमलं नाही त्यांनी नोकरी करत करत संस्थेची परीक्षा द्यायची, पास झाले की पदवीच्या बरोबरीनं मान. ह्या परीक्षा, महिन्याचं एखादं व्याख्यान आणि दोन कपाटं पुस्तकं, हा आमचा सगळा पसारा. गंजातल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. बाहेरचा बोर्ड वाचून शेतकरी वर यायचे आणि विचारायचे, "साहेब, बोअरला पाणी कुठं लागंल?" काझी साहेब त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे आणि "ते आम्हाला कळत नाही हो" असं इतक्या नम्रपणे सांगायचे की माणूस ओशाळून जायचा.

ते शाखेचे मानद सचिव. मूळचे नांदेडचे, जुन्या मोहल्ल्यातले. वडिलांचा अत्तराचा व्यवसाय, आणि साहेब शिकून खाण-अभियंता झालेले. बरीच वर्षं कोळशाच्या खाणीत अधिकारी होते, मग अचानक नोकरी सोडून आले आणि लातुरात दगडखाणींना सल्ला देऊन पोट भरू लागले. का सोडली ते कुणाला सांगत नसत. उंच, किडकिडीत, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि हातात एक काठी. काठीच्या टोकाला पितळेची टोपी. पायाला काही झालेलं नव्हतं. मी एकदा विचारलंसुद्धा, "साहेब, काठी कशाला हो? म्हातारे दिसता." तर म्हणाले, "टेकायला नाही ताई, विचारायला." खाणीत म्हणे माणसं आत सोडण्याआधी अधिकाऱ्यानं जाऊन काठीनं छत ठोकून बघायचं असतं. चांगलं छत टणटण वाजतं. वरचा थर सुटलेला असला की बद्द आवाज येतो, चिरलेल्या माठासारखा. ठोकून झालं की खडूनं तिथं आपली आद्याक्षरं आणि तारीख घालायची. म्हणजे ह्या पाळीला मी बघून गेलो. बस, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या पाळीला पुन्हा नव्यानं बघायचं.

मग तो भूकंप झाला. गणपती बोळवून लोक निजले होते, आणि पहाटे... त्या पहाटेबद्दल मी लिहिणार नाही. किल्लारीच्या बाजूला जे झालं ते साऱ्या जगानं पाहिलं. शहरात आम्ही वाचलो, पण वाचलेल्या माणसाच्या अंगात जी भीती शिरते ती लवकर निघत नाही हो. रश्मी, माझी लेक, तेव्हा बालवाडीत होती. तिला कडेवरून खाली ठेवायची माझी छाती होत नव्हती. धक्के चालूच होते. आमचं ऑफिस भांड्यांच्या दुकानावर असल्यामुळे धक्का आम्हाला आधी ऐकू यायचा. खाली टांगलेल्या पितळी कळशा किणकिणायला लागायच्या, की मी, काझी साहेब, व्याख्यानाला आलेले मास्तर, सगळे जिन्यावरून खाली रस्त्यावर. कधी कधी तो धक्का नसायचाच, दुकानदार गिऱ्हाइकाला कळशी काढून दाखवत असायचा. आम्हाला रस्त्यावर धापा टाकताना बघून तो बिचारा हात जोडायचा. हसू यायचं, पण ते हसूसुद्धा थरथरत यायचं.

लोक आमच्याकडं यायला लागले. "तुम्ही जमिनीच्या आतली माणसं. सांगा, आणखी येणार हाय का?" कुणी म्हणायचं, खालून लाव्हा वर येऊन राहिला. कुणी म्हणायचं, बोअर मारून मारून जमीन पोकळ झाली. काझी साहेब म्हणायचे, "मला माहीत नाही." लोक चिडायचे. मग बोर्ड कशाला लावला, म्हणायचे. शेवटी शाखेची बैठक झाली. सरकारी अभियंते सगळे खेड्यापाड्यांत गुंतलेले, तर शहरातली जुनी घरं निदान नजरेखालून तरी घालावीत असं ठरलं. मास्तरांनी, कारखानदारांनी गल्ल्या वाटून घेतल्या. काझी साहेबांबरोबर मी असायची, कारण बायका परक्या माणसाला माजघरात येऊ देत नसत आणि मी बरोबर असले की दार उघडायचं.

ते भिंतीला काठी लावायचे, कान जवळ न्यायचे, पुन्हा ठोकायचे. घरातली सगळी माणसं श्वास धरून उभी. बद्द वाजलं की सांगायचे, "ह्या खोलीत राहू नका." बरं वाजलं तर काहीच म्हणायचे नाहीत, खिशातून खडू काढून कोपऱ्यात इंग्रजीत एम. क्यू., म्हणजे मोईन काझी, आणि खाली तारीख घालायचे. खाणीतली सवय, दुसरं काय! पण लोकांना ती खूण म्हणजे वरदान वाटायला लागली. एका गल्लीतल्या म्हातारीनं विचारलं, "बाबा, म्हंजे घर पक्कं हाय ना आता?" ते म्हणाले, "आज बघितलं, आजी." "ते झालं. पक्कं हाय का?" "आज बघितलं." म्हातारीनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले, जणू साहेब लाजून सांगत नाहीत. आठवड्यानं तिकडून गेलो तर त्या खुणेला हळदकुंकू वाहिलेलं! पलीकडच्या मोहल्ल्यात एकानं तिच्याखाली ऊद लावलेला. पावसानं पुसेल म्हणून कित्येकांनी खडूच्या रेघांवरून ऑइलपेंट फिरवून घेतला. ज्यांच्या घरी खूण नव्हती ते ऑफिसात येऊन भांडायचे. शेजाऱ्याला दिली, आम्हाला का नाही?

मी थट्टेनं म्हणाले, "साहेब, तुम्ही तर जिवंतपणी पीर झालात की!" ते हसतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच कसंसं झालं. दुपारची वेळ, ऑफिसच्या जिन्यात आम्ही बसलो होतो, कारण आत बसायला दोघंही घाबरत होतो. तिथं त्यांनी मला खाणीची नोकरी का सोडली ते सांगितलं. सकाळच्या पाळीला त्यांनी एका जागचं छत ठोकलं, टणटणीत वाजलं, खूण घातली. देगलूरकडचा एक माणूस होता, लाकडी टेकू लावायच्या कामावर. दुपारी तो त्याच जागी गेला. साहेबांची खूण ताजी आहे हे बघून त्यानं पुन्हा काही तपासलं नाही, आणि वरचा थर सुटला. "चौकशीत मी सुटलो, ताई. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. पण आम्ही दगड उपसला तेव्हा वरच्या बाजूला माझी खूण तशीच होती. अन् खाली तो..." जरा वेळानं म्हणाले, "तेव्हापासून मला माझ्या कानाची भीती वाटते. अन् आता आख्खं गाव माझ्या कानावर झोपून राहिलंय." मला त्या जिन्यातसुद्धा बसवेना. मी रश्मीला आणायला म्हणून उठले आणि बालवाडी सुटायच्या कितीतरी आधी फाटकाशी जाऊन उभी राहिले.

वर्षं गेली. धक्के थांबले, ताडपत्र्या निघाल्या, लोक पुन्हा स्लॅबखाली निजायला लागले. आणि मग लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. बघता बघता गल्ल्याच्या गल्ल्या बदलल्या. जिथं तेलाच्या पेढ्या होत्या तिथं क्लास, जिथं गुरं बांधायचे तिथं मुलींचं हॉस्टेल, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे घराएवढे फोटो. देवणीहून, चाकूरहून, पार नांदेडच्या पलीकडून बाप पोरांना घेऊन यायचे. पत्र्याची पेटी, गादीची गुंडाळी आणि डोळ्यांत डॉक्टर. पण ही भूकंपानं होरपळलेली माणसं. फी विचारायच्या आधी विचारायचे, "बिल्डिंग कशी हाय?" दुसऱ्या कुठल्या गावात क्लास लावताना असं कुणी विचारत असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा सगळ्यात नावाजलेला क्लास होता फिजिक्सवाल्या सरांचा. त्यांचं नाव घेत नाही, गावात सगळे त्यांना फिजिक्सवालेच म्हणायचे. माणूस शिकवायचा छान, खोटं कशाला बोलू. रश्मीला तिथं प्रवेश मिळाला त्या दिवशी आमच्या ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. त्या इमारतीच्या जिन्यापाशी, भिंतीवर, काचेच्या चौकटीत काझी साहेबांची खूण होती. ऑइलपेंटनं गिरवलेली, वर झेंडूचा हार. भूकंपानंतर आम्हीच ते घर बघितलं होतं, एका तेलाच्या व्यापाऱ्याचं साधं बैठं घर. मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, लेक साहेबांच्या खुणेखाली आहे.

एक दिवस ऑफिसात त्या क्लासचं छापील पत्रक आलं. खाली ठळक अक्षरात होतं, 'काझी साहेबांनी तपासलेली भूकंपरोधक इमारत.' काझी साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग काठी उचलून म्हणाले, "ताई, चला." मी काही न विचारता चपला घातल्या. त्यांना गाठायला मला अर्धं पळावंच लागत होतं.

बैठ्या घरावर तीन मजले चढलेले. वर पत्र्याची शेड, तिच्यावर पाण्याच्या टाक्या. खाली मोठ्या बॅचसाठी हॉल करायचा म्हणून मधली भिंत काढून टाकलेली, आणि त्या काढलेल्या भिंतीचा जो तुकडा जिन्यापाशी उरला होता, नेमका त्याच्यावर ती काचेची चौकट. साहेब वर बघत राहिले. मग काठी लावली, ठोकलं. कान नेला. पुन्हा ठोकलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि वरून, दुसऱ्या मजल्यावरून, पोरं एका सुरात काहीतरी सूत्र म्हणत होती त्याचा आवाज येत होता. त्यात माझी रश्मी होती. मी विचारलं, "काय म्हणतंय?" ते म्हणाले, "कळत नाही, ताई." मी म्हटलं, "म्हणजे काय, कळत नाही? बरं आहे की वाईट?" "खरंच कळत नाही. टणटणीत वाजत नाही, बद्दही वाजत नाही. असला आवाज मी कधी ऐकला नाही." देवाशपथ सांगते, 'पडणार आहे' असं ते म्हणाले असते तर मी इतकी घाबरले नसते.

फिजिक्सवाले सर खाली आले. साहेबांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की खूण काढा, ती त्या दिवसापुरती होती आणि त्या घरापुरती होती, हे घर आता ते राहिलेलं नाही. सर हसले. "साहेब, ती आता तुमची राहिली नाही, पालकांची झाली. काढली तर उद्या इथं रांग लागेल." शाखेलाही ते ह्याच इमारतीत फुकट खोली देणार होते, त्याचीही त्यांनी गोड शब्दांत आठवण करून दिली. आणि मी मनात म्हणत होते, आता निघू या, रश्मीला काहीतरी कारण सांगून खाली बोलावू या, बाकीचं मागून बघू.

तेवढ्यात चाकूरकडचा एक बाप पुढं आला. डोक्याला फेटा, काखेत पोरीची गादी. त्यानं काठी ओळखली असावी. "तुमीच का वो काझी साहेब? लई बरं झालं दर्शन झालं. पोरीला टाकून जाऊन राहिलो, तुमच्या भरवशावर." आणि तो त्यांच्या पाया पडायला वाकला. साहेबांनी त्याचे खांदे धरले. मला ते एकदा म्हणाले होते की खाणीत छत बोलायला, म्हणजे कडकडायला लागलं तर ओरडायचं नसतं, शेजारच्याच्या खांद्याला हात लावायचा आणि मुकाट्यानं बाहेर चालायला लागायचं. तोच माणूस त्या दिवशी भर जिन्यात मोठ्यानं म्हणाला, "माझ्या भरवशावर नका ठेवू! ही खूण रद्द आहे. मी सांगतो, रद्द आहे!"

आजूबाजूला पुढच्या बॅचचे पालक होते. कुणी म्हणालं, काय झालं? कुणी म्हणालं, साहेब म्हणतेत बिल्डिंग रद्द. तिसरा म्हणाला, हलली की काय? बस. 'हलली' हा एक शब्द आमच्या गावात पुरेसा होता. क्षणात वरून धडाधड पावलं. जिना अरुंद, एका बाजूला सायकली लावलेल्या. पोरी, पोरं, दप्तरं, चपलांचा खच... किंकाळ्या अशा की भूकंपाच्या पहाटेनंतर मी तशा ऐकल्या नव्हत्या. मी "रश्मी, रश्मी" ओरडत वर घुसायला बघत होते आणि लोंढा मला भिंतीशी दाबत होता. साहेब जिन्याच्या वळणावर काठी आडवी धरून उभे. "पळू नका, भिंत धरून या, एकेक या!" त्यांचा घसा फाटला, पण ऐकतो कोण? लोंढ्यात काठी हातातून गेली. एक मुलगी खाली पडली, तिच्यावरून दोघीतिघी गेल्या. ती तीच, चाकूरची, आपला वर्ग बघायला म्हणून वर गेलेली. तिच्या बापानं तिला ओढून काढली तेव्हा तिचा हात मनगटापाशी भलत्याच बाजूला वळलेला होता.

जिना रिकामा झाला आणि रश्मी काही आली नाही. ते वर जाणं मला अजून स्वप्नात दिसतं. छताकडं बघायची हिंमत नाही. वर्गात सगळे बाक वेडेवाकडे, आणि अगदी मागच्या बाकाखाली माझी पोर, गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर वही धरून. "आई," ती म्हणाली, "भूकंपात पळायचं नसतं ना, शाळेत शिकवलंय." माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तिला जवळ घेऊन एवढी रडले की तीच मला उठवायला लागली. इमारत कुठं हललीच नव्हती. जशीच्या तशी उभी होती.

मग जे व्हायचं ते झालं. त्या मुलीचा हात बसला, पण गावभर काझी साहेबांच्या नावानं शंख. म्हातारा सटकला म्हणाले. क्लासशी दुश्मनी म्हणाले. शाखेची बैठक झाली, मी चहा देत होते, आणि ज्यांना ह्याच माणसानं परीक्षेसाठी शिकवलं होतं ते 'संस्थेची बदनामी' हा शब्द तोंड भरून वापरत होते. मला इतका संताप आला की कपबशा आपटल्या. साहेबांनी वाद घातला नाही. राजीनामा लिहून दिला आणि म्हणाले, "पोरीचा हात माझ्यामुळं मोडला, हे खरं आहे." सरांनी एक अभियंता आणून इमारत दाखवून घेतली, त्यानं ठीक आहे म्हणून सांगितलं. पुढं हॉलला खोटं छत लागलं, गुळगुळीत, पांढरं, त्यामुळे वर काय चाललंय ते दिसायचंच बंद झालं. काचेच्या चौकटीच्या जागी टाइल्स बसल्या. रश्मीला मी क्लासमधून काढली. आमचे हे माझ्याशी कित्येक महिने धड बोलत नव्हते. रश्मी डॉक्टर नाही झाली, उदगीरला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, सुखात आहे. पण अजून लातुरात आली आणि त्या रस्त्यानं रिक्षा गेली की मला कोपरखळी मारते, "आई, बघ गं, उभीच आहे."

शाखा हळूहळू बंदच पडली. पुस्तकं तंत्रनिकेतनानं नेली. काझी साहेब नांदेडला मुलाकडं राहायला गेले, इरफान मुदखेडला रेल्वेत आहे, रोज जाऊन येऊन करतो. तिकडं गेल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर साहेबांचा फोन आला. "ताई, सलाम. उभी आहे ना?" मी म्हटलं, आहे. "बरं," म्हणाले आणि ठेवून दिला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मग मी शुक्रवारची भाजी त्याच रस्त्यानं आणायला लागले. घरी काय सांगायचं म्हणून तिकडची मेथी चांगली मिळते असं सांगायची. गावात लोक म्हणायचे, काझी वाट बघून राहिलाय, कधी पडते अन् कधी मी खरा ठरतो. ऐकून माझं डोकं फिरायचं, पण विचारायचं मला कधी धाडस झालं नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला नांदेडला गेले. फार थकले होते. खाट व्हरांड्यात, अर्धी उघड्यावर. सून, नसरीन, म्हणाली, "आत येतच नाहीत, ताई. म्हणतात इथंच बरं." त्यांनी मला जवळ बसवलं, रश्मीचं विचारलं, चाकूरच्या त्या मुलीचं विचारलं. मग नेहमीचं, "उभी आहे ना?" आणि त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, ती पडली असती तर लोकांनी तुमचे पाय धरले असते." ते एकदम उठून बसायला बघू लागले, आम्ही दोघींनी धरलं. "तोबा करा, ताई! अहो, रोज त्या छताखाली पोरं बसतात. माझ्या कानानं मला धोका दिला असू दे. मी वेडा ठरू दे. दर नमाजाला मी एवढंच मागतो, या अल्लाह, मोईनला खोटा पाड." इतकी वर्षं तो माणूस तिकडं नांदेडात बसून, आपली अब्रू बुडालेलीच राहावी म्हणून दुआ करत होता. नसरीननं चहा आणला, तो मी कसाबसा घेतला.

गेल्या शुक्रवारी मी भाजीची पिशवी घेऊन त्या रस्त्याला गेले. पायांना सवय झालेली, काय करणार! क्लासची मधली सुट्टी झाली होती. पोरं जिन्यावरून भसाभस खाली येत होती, एकमेकांना टपल्या मारत, वडापावच्या गाडीवर तुटून पडत. कुणाचा चष्मा, कुणाची वेणी, कुणाचं चाकूर, कुणाचं देवणी. एकही पोर वर बघत नव्हतं. मी बघितलं. टाक्या आता आणखी वाढल्यात. मला इतकी भीती वाटली की मी तिथंच उभ्या उभ्या फोन काढला आणि साहेबांचा नंबर लावला. लावल्यावर लक्षात आलं. कापणार तेवढ्यात नसरीननं उचलला. मी म्हटलं, "नसरीन, अगं... उभी आहे."

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली. मग म्हणाली, "पुढल्या शुक्रवारी बी सांगा, ताई. आता ती दुआ मी मागून राहिले."